रात्री मुंबईत गाडी बंद पडली तर: आधी जागा, मग फोन, बोनेट सगळ्यात शेवटी

रात्री गाडी बंद पडली की माणूस उतरतो, बोनेट उघडतो आणि मोबाईलच्या टॉर्चमध्ये इंजिनाकडे बघत उभा राहतो. हल्लीच्या गाड्यांत नुसतं बघून कळण्यासारखं बोनेटखाली फारसं काही उरलेलं नाही, आणि कळलं तरी रात्री दीड वाजता पार्ट कुठून आणणार? मुंबईत गाडी का बंद पडली यापेक्षा कुठे बंद पडली, हे आधी बघायचं असतं. शिवाजी पार्कच्या गल्लीत जो बिघाड म्हणजे एक कंटाळवाणा तास, तोच सी लिंकवर जिवावर बेततो. ५ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे वांद्रे-वरळी सी लिंकवर एका अपघाताच्या मदतीसाठी रुग्णवाहिका आणि काही गाड्या थांबल्या होत्या. मागून भरधाव आलेली गाडी त्यांच्यात घुसली आणि पाच जणांचा जीव गेला.

दिवसा मुंबईचा ट्रॅफिक आपल्याला शिव्या घालतो, पण तो इतका हळू असतो की उडवत नाही. रात्री रस्ते मोकळे होतात, वेग वाढतो, अवजड ट्रक शहरात शिरतात. त्यामुळे खाली दिलेला क्रम सहसा मोडू नका.

गाडी अजून सरकतेय तोवर

बहुतेक गाड्या एका क्षणात मरत नाहीत. आधी झटके देतात, पिकअप जातो, डॅशबोर्डवर दिवे लागतात. तेव्हा थोडा वेग शिल्लक असतो आणि तीच तुमची पुंजी. ब्रेकवर पाय ठेवून ती उधळू नका. चारही इंडिकेटर चालू करा, डावीकडे सरकत जा आणि उभी करायला बरी जागा येईपर्यंत गाडी तशीच घरंगळू द्या. इंजिन बंद झालं की स्टिअरिंग जड होतं. ब्रेक दोन-तीन वेळा नीट लागतो, मग पेडल दगडासारखं होतं. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा न मारता एकदाच, गरज असेल तेव्हा, जोर लावून दाबा. आणि गाडी चालती असताना चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल.

बरी जागा कोणती? वेस्टर्न आणि ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर बऱ्याच पट्ट्यांत सर्व्हिस रोड आहे, तिथे उतरता आलं तर अर्धी लढाई जिंकलीत. फ्लायओव्हरच्या चढावर इंजिन गेलं आणि माथा जवळ असेल तर कशीबशी माथ्यापर्यंत न्या, पलीकडचा उतार गाडीला खाली आणतो. पेट्रोल पंप, टोलनाका, बस स्टॉपपुढची रुंद जागा, उजेड असलेलं कुठलंही दुकान चालेल. दहिसर, मुलुंड, ऐरोली, वाशी आणि ठाण्याचा आनंदनगर या नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना टोल नाही. तरी तिथे रात्रभर माणसं आणि दिवे असतात, ते महत्त्वाचं.

टाळायच्या जागा म्हणजे वळण संपल्यावर लगेच, फ्लायओव्हर जिथे जमिनीला लागतो तिथे आणि दोन रस्ते जिथे एकत्र येतात तो त्रिकोण. मागच्या ड्रायव्हरला तुम्ही दिसाल तेव्हा त्याच्याकडे दोन सेकंदही उरलेले नसतात.

सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू आणि ईस्टर्न फ्रीवे यांचा हिशोब वेगळा. यातला अटल सेतू तर तब्बल २१.८ किलोमीटर आहे आणि त्यावर गाड्यांना ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे. तिथे टायर बदलायला बसू नका, पंक्चर असलं तरी. रिमची वाट लागली तरी चालेल, पण जमत असेल तर हळूहळू पुढे नेऊन बाहेर पडा. रिम बदलता येते. कॅमेरे आहेत म्हणून कोणीतरी बघितलंच असेल, असं गृहीत धरू नका, फोन करा. कोस्टल रोडच्या बोगद्यांत धूर दिसला तर गाडीचा मोह सोडा आणि दोन बोगद्यांना जोडणाऱ्या आडव्या मार्गाने दुसऱ्या बोगद्याकडे चालत निघा.

माणसं कुठे उभी राहणार

गाडी डाव्या कडेला लागली असेल तर सगळ्यांनी डाव्या दारांनी उतरायचं. ड्रायव्हरनेसुद्धा, गिअरच्या दांड्यावरून कसरत करावी लागली तरी. मग कठड्यापलीकडे किंवा फुटपाथवर, गाडीपासून लांब. बंद गाडीच्या मागे उभं राहून हात हलवणं हा आपल्याकडचा सगळ्यात जीवघेणा प्रकार आहे. गाडीच्या अगदी पुढेही नको, कारण मागून धडक बसली की तुमचीच गाडी तुमच्यावर येते.

कठड्यापलीकडे जागाच नसेल, किंवा गाडी उजव्या लेनमध्ये दुभाजकाला चिकटून बंद पडली असेल, तर तीन लेन पळत ओलांडायचं धाडस करू नका. सीटबेल्ट लावून आत बसा, दिवे चालू ठेवा आणि पोलिसांना फोन करा.

लाल त्रिकोण गाडीसोबत मिळतो आणि पुष्कळांच्या डिकीत तो प्लॅस्टिकच्या पिशवीतच निवृत्त होतो. शहरातल्या रस्त्यावर गाडीच्या मागे पन्नासेक पावलांवर, हायवेवर त्याच्या दुप्पट अंतरावर ठेवा. जाताना त्रिकोण छातीसमोर धरून, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, कडेकडेने चाला. सी लिंकसारख्या ठिकाणी त्यासाठी लेनमध्ये उतरू नका. दगड आणि झाडाच्या फांद्या मांडायची ट्रकवाल्यांची पद्धत उचलू नका. गाडी जाते, दगड तिथेच राहतात आणि पहाटे एखादा दुधाचा टेम्पो किंवा बाईकवाला त्यावर जातो.

एकट्या बाईने किंवा म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं, हेही जागेवरच ठरतं. गाडी चालू लेनच्या बाहेर आणि उजेडात असेल तर दारं लॉक करून आत बसलेलं बरं. मदतीला कोणी आलं तर काच दोन बोटं खाली करून बोला. लेनमध्ये असेल आणि चालू लेन न ओलांडता कडेला जाता येत असेल तर आत बसणं धोक्याचं आहे, बाहेर पडून लोकांच्या नजरेत उभं राहणं चांगलं. आरे कॉलनीतल्या रस्त्यावर बंद पडली, तर तिथे बिबट्यांचा वावर आहे. काच वर करून आत बसा, जंगल बघायला उतरू नका.

फोन: कोणाला, आणि काय सांगायचं

रस्ता अडला असेल किंवा भीती वाटत असेल तर ११२. मुंबई पोलिसांचा महिला, मुलं आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीचा क्रमांक १०३. कोणी जखमी असेल तर १०८. वाहतूक पोलिसांची हेल्पलाईन ८४५४९९९९९९. दहिसर ओलांडून अहमदाबादच्या किंवा ठाण्यापुढे नाशिकच्या दिशेने राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३.

लोकांना वाटतं, पोलिसांना बोलावलं की दंड होईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०१ मध्ये रस्ता अडवल्याबद्दल दंड आहे खरा, पण अचानक बंद पडलेली आणि हलवायची व्यवस्था चालू असलेली गाडी २०१९ च्या दुरुस्तीने त्यातून वगळली आहे. टोइंगवाल्याचा एसएमएस दाखवा. आलेला हवालदार बहुतेक वेळा स्वतः उभा राहून ट्रॅफिक वळवतो, आणि त्या वेळी तो पिवळा जॅकेटवाला माणूस तुमच्या त्रिकोणापेक्षा शंभर पटीने उपयोगी असतो. गाडी सोडून घरी निघून जाणं मात्र वेगळं. बेवारस उभी असलेली गाडी उचलली जाऊ शकते.

त्यानंतर रोडसाईड असिस्टन्स, म्हणजे रस्त्यात बंद पडलेल्या गाडीला मदत पाठवणारी सेवा. तो तुमच्याकडे आहे का, हे पुष्कळांना माहीतच नसतं. नवी गाडी असेल तर कंपनीकडून मिळालेला असतो, नाहीतर विम्याच्या पॉलिसीत ॲड-ऑन म्हणून दोन-तीनशे रुपयांत घेतलेला असतो आणि विसरलेला असतो. पॉलिसीची पीडीएफ उघडा. एक गोष्ट अगदी पक्की पाळा: हा नंबर गुगलवर शोधून लावू नका. कस्टमर केअरच्या नावाखाली चोरांनी पेरलेले नंबर तिथे सापडतात. 'आधी पाच रुपये भरून रजिस्टर करा, ही लिंक उघडा, हे ॲप टाका' असं कोणी म्हणालं की फोन ठेवा. नंबर पॉलिसीवरचा, मॅन्युअलमधला किंवा काचेवरच्या स्टिकरवरचाच.

आता जागा सांगणं. यात अर्धा तास फुकट जातो. 'अंधेरीच्या फ्लायओव्हरजवळ' हा पत्ता होत नाही. कॉल सेंटर बहुधा दुसऱ्या राज्यात असतं, त्यामुळे 'गोरेगाव हबमॉलच्या समोर' म्हणूनही त्यांना काही कळत नाही. आधी दिशा सांगा: बोरिवलीकडे जाणारी बाजू की वांद्र्याकडे येणारी. ही चुकली तर टोइंगची गाडी समोरच्या बाजूला येते आणि तिला वळसा घालायला पुढचा फ्लायओव्हर गाठावा लागतो. दुसरं, फ्लायओव्हरच्या वर आहात की खाली. नकाशावरचा ठिपका दोन्हीकडे सारखाच दिसतो. तिसरं, मेट्रोचा खांब. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर मेट्रो ७ आणि लिंक रोडवर मेट्रो २अ जाते. खांबांवर नंबर असतात आणि इथल्या टोइंगवाल्या पोरांना ते बरोबर कळतात. कॉल सेंटरकडून ड्रायव्हरचा नंबर मिळाला की त्याच्याशी थेट बोला आणि लाईव्ह लोकेशन पाठवा. घरच्या एका माणसालाही पाठवा, आणि मोबाईलचा टॉर्च बंद करा. या सगळ्या प्रकरणात तुमची सर्वात मोलाची बॅटरी गाडीची नसून फोनची आहे.

वाट बघताना स्वतः काय करता येतं

गाडी सुरक्षित जागी असेल तरच हे वाचा.

*बॅटरी.* चावी फिरवल्यावर नुसता टक-टक आवाज, डॅशबोर्डचे दिवे मंद: बॅटरी उतरली. मॅन्युअल गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धक्का मारून चालू होते. ऑटोमॅटिक होत नाही, उगाच लोकांना दमवू नका. जंपर केबल असेल आणि दुसरी गाडी मिळाली तर लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि काळ्याचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. ठिणगी पडलीच तर ती बॅटरीजवळ पडू नये, म्हणून. काढताना उलटा क्रम. चालू झाली की मध्ये कुठे चहाला थांबू नका, थेट घर गाठा. चालता चालता बॅटरीचा दिवा लागून गाडी बंद पडली असेल तर दोष बहुधा अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) किंवा त्याच्या बेल्टचा असतो. जंप देऊन ती दोन किलोमीटरवर पुन्हा बंद पडेल, आणि कदाचित वाईट जागी. तिला टोचनच, म्हणजे टोइंग.

*पंक्चर.* सपाट आणि टणक जमीन बघा. हँडब्रेक, पहिला गिअर, ऑटोमॅटिक असेल तर पार्क. ज्या चाकाचं काम आहे त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला वीट किंवा दगड लावा (आणि हा जाताना उचला). नट आधी सैल करायचे, गाडी जमिनीवर असतानाच, अर्धा आटा. जॅक लावून मग जोर काढलात तर गाडी जॅकवरून घसरते. जॅक दाराखालच्या पट्टीवर, जिथे खाच आहे तिथेच. काढलेलं चाक गाडीखाली सरकवून ठेवा, जॅक सटकला तर गाडी त्यावर बसेल. नट समोरासमोरचे आवळत जा, गाडी खाली आणल्यावर पुन्हा एकदा जोर द्या. स्टेपनी बारीक असेल तर तिच्यावर लिहिलेला वेग पाळा, बहुतेकींवर ताशी ८० असतो. सीएनजीच्या पुष्कळ गाड्यांत डिकी सिलिंडरने भरलेली असते, त्यामुळे स्टेपनी काढायची पद्धत घरी एकदा दिवसाउजेडी बघून ठेवा. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला तर उपटू नका. हवा भरून पंक्चरवाल्यापर्यंत जाता येतं.

*गरम झालेली गाडी.* एसी बंद, गाडी बाजूला, इंजिन बंद, अर्धा तास काही नाही. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

*सीएनजी.* गॅस संपला म्हणून मुंबईत रात्री थांबलेल्या गाड्या कमी नाहीत. पंपावर रांग बघून पुढे निघायचं, आणि पेट्रोलचा काटा तर महिनोन्‌महिने शेवटच्या रेषेवर. गाडी पेट्रोलवर टाका. वास येत असेल तर मात्र काहीच चालू करू नका. खिडक्या उघडा, सगळे लांब जा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताशी असेल तर बंद करा आणि अग्निशमन दलाला १०१ वर कळवा.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी

अंधेरी सबवे, मिलन सबवे, हिंदमाता, किंग्ज सर्कल. ही नावं प्रत्येक मुंबईकराला पाठ आहेत आणि तरी दरवर्षी कोणीतरी 'जाईल ना' म्हणून गाडी घालतोच. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा सेल्फ मारू नका. एकदाही नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल तर पिस्टन त्याला दाबायला जातो, पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग काही हजारांचं काम लाखावर जातं, आणि इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन नसेल तर विमा कंपनी सहसा हात वर करते.

पाणी दाराच्या खालच्या कडेला लागलं की गाडीचा विचार संपवा. बेल्ट काढा, इलेक्ट्रिक चालतंय तोवर काच खाली करा, बाहेर पडा. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी, बंद काचांच्या गाड्यांत अडकून माणसं गेली. बाहेर पडल्यावर साचलेल्या पाण्यात रस्त्याच्या कडेने चालू नका. काठीने किंवा छत्रीने पुढची जमीन चाचपत जा. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईतले एक नामवंत डॉक्टर गाडी सोडून घराकडे चालत निघाले होते आणि उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले.

टोचन

टोइंगच्या गाड्या दोन प्रकारच्या येतात. एक पुढची किंवा मागची दोन चाकं उचलून बाकीची रस्त्यावर फिरवत नेणारी, आणि दुसरी सपाट पाटाची फ्लॅटबेड, जिच्यावर अख्खी गाडी चढते. साधी मॅन्युअल, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर पुढची चाकं उचलून नेलेली चालते. ऑटोमॅटिक, फोर-व्हील ड्राईव्ह आणि इलेक्ट्रिक गाडीसाठी फ्लॅटबेडच मागा, फोनवरच आणि स्पष्टपणे. ज्या चाकांना इंजिनाची किंवा मोटरची ताकद जाते ती रस्त्यावर फिरत राहिली तर गिअरबॉक्स जातो. दोरीने ओढत नेण्याचा सल्ला रात्री कोणी दिला तर आभार माना आणि नाही म्हणा. इंजिन बंद असलेल्या गाडीला ना धड ब्रेक असतो ना स्टिअरिंग.

फोनवर आणखी तीन गोष्टी सांगा. बॅटरी पूर्ण मेली असेल तर इलेक्ट्रिक हँडब्रेक सुटत नाही आणि ऑटोमॅटिक गाडी 'पार्क'मधून निघत नाही. मग चाकांखाली घालायचे स्केट लागतात. गाडी बेसमेंटमध्ये किंवा पोडियम पार्किंगमध्ये असेल तर फ्लॅटबेड आत शिरणार नाही, छताची उंची सांगा. आणि पुढचा बंपर फुटून चाकाला लागत असेल तर तेही.

असिस्टन्स नसेल आणि खाजगी टोइंगवाला बोलावला असेल तर दर आधी ठरवा: किमान भाडं किती, त्यात किती किलोमीटर, पुढे किलोमीटरला किती, रात्रीचा जादा आकार, वेटिंग. व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. न बोलावता आपोआप येऊन थांबणाऱ्या टोइंगवाल्याशी जपून वागा. मदत खरी असू शकते, पण 'आपल्या ओळखीचं गॅरेज आहे साहेब' हे वाक्य आलं की गाडी त्याच गॅरेजात जाणार आणि सकाळी सोडवून घेणं महाग पडणार. तुमच्याच कंपनीने पाठवलेला ड्रायव्हर तुमचा केस नंबर आपणहून सांगतो.

गाडी चढवण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढा, किलोमीटरच्या आकड्याचाही. ओढायचा हुक स्टेपनीजवळच्या टूलकिटमध्ये असतो, तो बंपरवरच्या छोट्या झाकणामागे पेचाने बसतो. गाडी वर ओढणारा विंच त्यालाच लावायला सांगा. सस्पेन्शनच्या दांड्याला साखळी अडकवू देऊ नका. पट्टे टायरवरून बांधायचे. डिकीतलं सामान, लॅपटॉप, घराच्या चाव्या काढून घ्या. वर चढवलेल्या गाडीत कोणी बसायचं नाही. केबिनमध्ये एखाद-दोन माणसं मावतात, बाकीच्यांनी टॅक्सी करावी. रिक्षा माहीम आणि सायनच्या पुढे दक्षिणेकडे येत नाही, मध्यरात्रीनंतर भाडं जास्त असतं, आणि साधारण एक ते चारच्या मधे लोकलही नसतात.

पण गाडी न्यायची कुठे?

हा प्रश्न कोणी आधी विचारत नाही, आणि ड्रायव्हर पट्टे आवळून 'बोला, कुठे?' म्हणतो तेव्हा सगळे एकमेकांकडे बघतात. रात्री दोन वाजता ऑथराइज्ड वर्कशॉप बंद असतं. काही ठिकाणी वॉचमन गाडी आत घेतो, काही ठिकाणी फाटकाबाहेर ठेवायला सांगतो. फाटकाबाहेर सोडू नका. वाट बघत असतानाच वर्कशॉपचा नंबर लावून बघा किंवा कॉल सेंटरला विचारा, की रात्री गाडी ठेवून घेणारं आणि पावती देणारं जवळचं ठिकाण कोणतं.

ते जमलं नाही तर घर. इथे सोसायटी आडवी येते. फ्लॅटबेड गेटमधून आत येत नाही, वॉचमन सेक्रेटरीचं नाव सांगतो, सेक्रेटरी झोपलेले. तुमची जागा स्टॅक पार्किंगमध्ये असेल तर बंद गाडी वर चढणारच नाही, आणि खालच्या पाळीत ठेवली तर सकाळी वरच्या पाटीलकाकांची गाडी अडकते. वॉचमनला आधीच फोन करून व्हिजिटर पार्किंग मोकळं आहे का विचारा. गेटपासून आत ढकलायला चार माणसं लागतात, तेवढी आहेत का बघा. घरी आणली की सकाळी वर्कशॉपला नेण्यासाठी दुसरं टोइंग लागतं, आणि असिस्टन्सच्या योजनेत ते बहुधा वेगळा वापर म्हणून मोजलं जातं. वर्षाला किती वेळा आणि किती किलोमीटरपर्यंत फुकट आहे ते पॉलिसीत बघून मगच ठरवा. माझं मत विचाराल तर, वर्कशॉप पंधरा-वीस किलोमीटरच्या आत असेल आणि रात्री पावती देत असेल तर एकाच फेरीत तिथेच टाका.

गाडी सोडताना कागदावर वेळ, किलोमीटर, पेट्रोलचा काटा, आधीचे ओरखडे आणि चावी कोणाकडे दिली त्याचं नाव लिहून सही घ्या. आरसी आणि पॉलिसी डिजिलॉकरमध्ये आहेत, मूळ प्रती गाडीत ठेवू नका. सकाळी वर्कशॉपला फोन करून सांगा, की खर्चाचा अंदाज कळवल्याशिवाय काही उघडू नका आणि बदललेला पार्ट मला परत हवा. साधा यांत्रिक बिघाड विम्यात बसत नाही. पाणी शिरलं असेल किंवा कुठे धडक बसली असेल तर विमा कंपनीचा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत कामाला हात लावू देऊ नका.